टेबल सॉ घ्यायच्या आधी : दहा बोटांचा हिशोब

चौरंग, देवघर आणि पॅलेटच्या फर्निचरच्या व्यवसायावरचा व्हिडिओ टाकल्यापासून मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. "सर, टेबल सॉ कोणता घेऊ आणि केवढ्याला मिळेल?" धुळ्याच्या ट्रेनिंग बॅचमध्ये तर एका भाऊंनी जेवणाच्या सुट्टीत पुढचा प्रश्नही विचारला. "ते वरचं प्लॅस्टिकचं गार्ड काढून टाकलं तर चालतं ना? काम अडतं त्याच्यानं."

व्हिडिओत या विषयाला मी दीड मिनिट दिलं होतं. ती माझी चूक होती. म्हणून आज मशीनच्या किमतीवर एक शब्दही नाही.

आधी माझा डावा हात दाखवतो. व्हिडिओत नीट बघितलं असेल तर मधल्या बोटाचं नख नाही, हे लक्षात आलं असेल. २०१९ चा श्रावण होता. कानबाईच्या रविवारासाठी १४ चौरंगांची ऑर्डर होती. दुकान बंद करून रात्री मागच्या शेडमध्ये काम करत होतो. १८ मिमी प्लायचा पाच इंचाचा एक तुकडा बारीक करायचा होता. पुश स्टिक समोरच्या खिळ्याला टांगलेली होती. चार पावलं जायचा कंटाळा केला. उजव्या हाताने तुकडा पुढे ढकलला आणि डावा हात ब्लेडच्या मागे नेऊन त्याला ओढायला गेलो. तुकडा तिरका झाला, ब्लेडच्या मागच्या दातांनी उचलला आणि माझ्याकडे फेकला. तो पोटाला लागला. पण त्याच्यावर धरलेला हात त्याच्याबरोबर पुढे आला, तो सरळ ब्लेडवर. पुढचे तीन आठवडे काम बंद. १४ चौरंगांपैकी ६ दिले, ८ चा ॲडव्हान्स परत केला. त्या गिऱ्हाइकांपैकी दोन घरं पुन्हा आली नाहीत. बीबीएला आम्हाला रिस्क मॅनेजमेंटचा अख्खा पेपर होता, मला त्यात मार्कही चांगले पडले होते.

आता गणित बघू. १० इंची ब्लेड मिनिटाला ४५०० फेरे मारतं असं धरा. ब्लेडचा परीघ साधारण ८० सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २१५ किलोमीटर होतो. ब्लेडला ४० दात असतील तर एका सेकंदात ३००० दात एका जागेवरून जातात. चटका बसल्यावर आपण हात मागे घेतो त्याला पाव सेकंद लागला असं समजा, तेवढ्यात साडेसातशे दात गेलेले असतात. म्हणून "मी लक्ष ठेवून काम करतो" हे उत्तर इथे चालत नाही. लक्ष ठेवायचंच, पण हात पोचणारच नाही अशी मांडणी आधी करायची.

अमेरिकेत टेबल सॉमुळे दरवर्षी सुमारे ३० हजार माणसं दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जातात, असा तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. तिथे स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ मध्ये एक युक्ती शोधली. ब्लेडमध्ये अगदी हलका विद्युत सिग्नल सोडायचा. कातडीचा स्पर्श झाला की सिग्नल बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ब्रेक ब्लेडमध्ये घुसून काही मिलिसेकंदांत त्याला थांबवतो. सॉसेज लावून दाखवलेला तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. पण आपण इकडे बाजारातून जी साधी मशीन आणतो किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतो, त्यात असलं काही नसतं.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे घरच्या वर्कशॉपमध्ये कंपनीचा टेबल सॉ असतोच कुठे? मी जळगाव-धुळे भागात तीन प्रकार बघतो. पहिला, रंधा मशीनला बाजूला जोडलेलं गोल करवत. ब्लेड पूर्ण उघडं, पट्टाही उघडा. दुसरा, दोन एचपीची मोटर, अँगलचं टेबल आणि मधून वर आलेलं ब्लेड. तिसरा आणि हल्ली यूट्यूबमुळे सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे चार इंची मार्बल कटर प्लायखाली उलटा बसवायचा आणि त्याचं बटण टेपने दाबून ठेवायचं.

या तिसऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : करू नका. मार्बल कटर हातात धरून दगड-टाइल कापायला बनवलेला असतो आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतो. त्याला लाकडाचं ब्लेड लावलं की आधी त्या ब्लेडवर छापलेला कमाल वेग वाचावा लागतो, तो कुणी वाचत नाही. लाकूड अडकलं तर मशीन तात्काळ बंद करायची सोय नाही, कारण बटण टेपने बांधलेलं आहे आणि टेबलाखाली आहे. दीड-दोन हजारांत टेबल सॉ तयार झाला असं वाटतं, पण त्याला टेबल सॉ म्हणवत नाही.

बटणावरून मुख्य मुद्द्यावर येतो. हा मुद्दा परदेशी व्हिडिओत फारसा सापडत नाही, कारण तिकडच्या लोकांची लाईट आपल्यासारखी जात नाही. तुम्ही फळी चिरताय, अर्ध्यात लाईट गेली. ब्लेड थांबलं. तुम्ही बटण तसंच सोडून फळी काढायला वाकलात किंवा चहा प्यायला घरात गेलात. दहा मिनिटांनी लाईट आली आणि मशीन आपोआप सुरू. साध्या पियानो स्विचवर किंवा एमसीबीवर चालणाऱ्या प्रत्येक मशीनचं असंच होतं.

याचा उपाय आपल्या घरातच आहे. विहिरीच्या मोटरचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण, लाल बटण. त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की कॉइल सुटते आणि लाईट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. टेबल सॉला असाच, मोटरच्या एचपीला आणि सिंगल फेज की थ्री फेज त्याला जुळणारा स्टार्टर पाहिजे. लाल बटण टेबलाच्या पुढच्या बाजूला, मांडीच्या उंचीवर असावं. दोन्ही हात फळीवर असले तरी गुडघ्याने किंवा मांडीने दाबता आलं पाहिजे.

पण इथेच एक फसगत आहे. धुळे तालुक्यातल्या एका भाऊंनी माझा सल्ला ऐकून वावरातला जुना स्टार्टर काढून सॉला लावला. मी बघायला गेलो, भाऊ खूश होते. आम्ही ओट्यावर बोलत बसलो होतो, लाईट गेलेली. लाईट आली आणि शेडमधून मशीनचा आवाज. आत कुणीच नव्हतं! टेबलावर ठेवलेला एक तुकडा उडून पत्र्यावर आपटला. झालं काय होतं, तर शेतीची लाईट रात्री-अपरात्री येते, म्हणून त्या स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला होता. लाईट आली की मोटर आपोआप चालू, पाण्याची पाळी चुकू नये म्हणून. विहिरीवर तो ऑटो म्हणजे वरदान. सॉवर मात्र माणूस नसताना हिरवं बटण दाबणारा हात. जुना स्टार्टर वापरणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला उघडून दाखवा, ऑटो काढून टाका आणि मग चाचणी घ्या : मशीन चालू करा, मेन स्विच पाडा, ब्लेड थांबू द्या, मेन परत चढवा. मशीन गप्प राहिली तरच पास. ही चाचणी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतो. अर्थिंग आणि आरसीसीबी हे वेगळं सांगायला नको, पण तेही बघून घ्या.

आता लाकूड मागे का फेकलं जातं ते समजून घेऊ. इंग्रजीत याला किकबॅक म्हणतात, आपले मिस्त्री म्हणतात "मशीनने फळी मारली". ब्लेडचा पुढचा भाग, म्हणजे तुमच्याकडचा, खाली जात असतो. तो लाकूड टेबलावर दाबतो. ब्लेडचा मागचा भाग मात्र वर येत असतो. लाकूड मागच्या दातांना चिकटलं की ते दात त्याला उचलतात आणि वरून तुमच्याकडे फेकतात. चिकटतं कशामुळे? एकतर लाकडातला ताण. बाभूळ, कडुनिंब किंवा नीट न वाळलेलं कुठलंही लाकूड चिरताना चीर मागे मिटायला लागते आणि ब्लेडला चिमटा बसतो. दुसरं, फेन्स तिरकी. फेन्स म्हणजे ज्या पट्टीला टेकवून आपण फळी सरकवतो ती, आपल्याकडे गाईड म्हणतात. ती मागच्या टोकाला ब्लेडकडे अर्धा सूत जरी झुकली तरी फळी ब्लेड आणि गाईडच्या मध्ये दाबली जाते.

जुने सुतार हातकरवतीने लांब फळी चिरताना चिरेत पाचर ठोकायचे, ते याचसाठी. मशीनवर त्या पाचरीचं नाव रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या बरोबर मागे, दातांपासून जास्तीत जास्त १० मिमीच्या आत उभी असलेली पोलादी पट्टी. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा कमी पाहिजे. म्हणजे चीर ३ मिमीची आणि पत्रा २.२ मिमीचा असेल तर पट्टी अडीच मिमीची. पट्टी चिरेपेक्षा जाड झाली तर फळी पुढे जाणार नाही, आणि मग लोक पट्टीच काढून फेकतात. कंपनीच्या मशीनमध्ये ती खोक्यात वेगळी येते आणि बऱ्याच ठिकाणी खोक्यातच राहते. फॅब्रिकेशनवाल्याकडून टेबल बनवून घेताना ती आधी मागा, ब्लेडच्या अगदी सरळ रेषेत बसवून घ्या. गार्ड की नाइफ, एकच निवडायची वेळ आली तर मी आधी नाइफ लावेन. पण दोन्ही लावता येतात. गार्ड काढावं लागतं ते खाच मारण्यासारख्या एखाद-दुसऱ्या कामात. फळी चिरताना ते अडत नाही, सवय अडते.

कारखान्यांसाठी हे काही नवीन नाही. फिरत्या मशीनला संरक्षक आवरण हवं हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं आणि गोल करवताला रायव्हिंग नाइफ, वरचं गार्ड आणि पुश स्टिक हवी हे कारखान्यांच्या नियमांत लिहिलेलं होतं. घराच्या मागच्या शेडमध्ये मात्र तपासायला कुणी साहेब येत नाही. मशीनही तीच आणि बोटंही तीच.

पुश स्टिकला एक पैसा लागत नाही. १२ मिमी प्लायच्या तुकड्यातून फूटभर लांब काठी कापा, पुढे खाच ठेवा म्हणजे फळीचं मागचं टोक त्यात बसेल. एक नको, चार करा. माझी एक खिळ्याला टांगलेली होती आणि चार पावलांनी घात झाला. आता दोन टेबलाला चुंबकाने चिकटवलेल्या असतात. ब्लेडने काठी खाल्ली तर हळहळू नका, ती त्यासाठीच आहे. माझा नियम असा : ब्लेडपासून वीतभर अंतरात हात जायचा नाही. फळी संपत आली आणि वीत शिल्लक राहिली की काठी. आणि फूटभरापेक्षा लहान तुकडा टेबल सॉवर घ्यायचाच नाही, तो हातकरवतीला द्यायचा. लहान तुकडे पाहिजेत तर मोठी पट्टी चिरून मग तिचे तुकडे करा.

उभं चिरायचं असेल तर फळी गाईडला टेकवायची. आडवं कापायचं असेल तर मायटर गेज वापरायचं. दोन्हींच्या मध्ये कापलेला तुकडा अडकला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा येतो, म्हणून दोन्ही एकत्र वापरायचे नाहीत. आणि कशालाच न टेकवता नुसत्या हाताने फळी ढकलणं, ज्याला काही मिस्त्री "हातावर मारतो" म्हणतात, ते पूर्ण बंद. तुम्ही म्हणाल, आमचा मिस्त्री वीस वर्षं असंच करतोय. त्या मिस्त्रीचा हात एकदा हातात घेऊन बघा.

ब्लेड फळीच्या वर एक सूतभर दिसलं की पुरे. काही लोक सांगतात की ब्लेड उंच ठेवलं तर फळी खाली दाबली जाते आणि उडत नाही. त्यात थोडं तथ्य आहे, पण तेवढंच जास्त ब्लेड बोटांसाठी उघडं पडतं. नवीन माणसाने सूतभरच ठेवावं. उभं राहताना ब्लेडच्या रेषेत राहू नका, डावीकडे सरकून राहा आणि त्या रेषेत मागे कुणी बसलेलं नाही हे बघा. घरच्या शेडमध्ये तिथे नेमकी खाट टाकलेली असते.

कपड्यांबद्दल आपल्या भागाचं म्हणून सांगतो. मे महिन्यात जळगावला ४४-४५ डिग्री असते, प्रत्येकाच्या गळ्यात रुमाल असतो. सॉवर उभं राहताना तो काढून खुंटीला लावा. मनगटातला दोरा, कडं, राखी, अंगठी हे सगळं बाजूला. ताईंनो, ओढणी काढून ठेवा किंवा पदर खोचून वर ॲप्रन बांधा, बांगड्या काढा आणि केस बांधा. हातमोजे घालायचे नाहीत! संरक्षण म्हणून लोक घालतात आणि दात मोज्याचा धागा पकडून अख्खा हात आत ओढतात. चष्मा पाहिजे, कानाला मफ पाहिजेत, नाकाला चांगला मास्क पाहिजे. घामाने हात घसरतो म्हणून उन्हाळ्यात मी चिरकाम सकाळी नऊच्या आत उरकतो, दुपारी पॉलिश आणि फिटिंग.

एमआयडीसीतून जुने पॅलेट आणणाऱ्यांसाठी दोन ओळी. प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा, मोडलेला खिळा आत राहतोच आणि ब्लेडचा कार्बाइड दात तुटून डोळ्याकडे येतो. पॅलेटवर 'एमबी' शिक्का असेल तर तो सोडून द्या, ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड आहे. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन केलेलं, ते घ्या.

घरच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात मोठा धोका मात्र घरचाच. "अहो, चहा झाला" म्हणत कुणीतरी मागून खांद्याला हात लावतं. माझ्या शेडच्या दाराबाहेर पिवळा बल्ब आहे, सॉ चालू असली की तो लागतो. बल्ब चालू तर आत यायचं नाही आणि हाकही मारायची नाही, थांबायचं. माझी सात वर्षांची मुलगी हा नियम माझ्यापेक्षा कडक पाळते. काम संपलं की प्लग काढून, तो प्लग छोट्या डब्यात घालून डब्याला कुलूप. ब्लेड बदलतानाही आधी प्लग बाहेर. नुसतं बटण बंद केलेलं पुरत नाही. आणि फोन शेडच्या बाहेर ठेवा. गिऱ्हाइकाचा कॉल दहा मिनिटांनी घेतला तर ऑर्डर जात नाही.

आता पैशाची बाजू, कारण आपण धंदा करायला निघालोय. उद्या तुम्ही एक मदतनीस ठेवणार. त्याचं बोट गेलं तर जबाबदारी कुणाची? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा चक्क तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरत, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२ टक्के, करंगळी ७ टक्के. तो तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या बोटाच्या टोकासमोरचा आकडा शोधला होता. मदतनीस ठेवायच्या आधी विमा एजंटकडे कामगार भरपाईच्या पॉलिसीची चौकशी करा.

स्वतःसाठी बरेच जण म्हणतात, "बँकेतून २० रुपयांचा विमा कापला जातो ना." ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती जरूर ठेवा. पण तिच्या अटी वाचा : अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख. बोट गेलं तर त्यात काही मिळत नाही. सुताराला वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी लागते, जिच्यात बोटांचं अंशतः अपंगत्व आणि काम बंद राहिल्याच्या आठवड्यांची भरपाई लिहिलेली असेल. एजंटला या दोन ओळी पॉलिसीवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

ज्यांनी अजून मशीन घेतलेली नाही त्यांनी पीएम विश्वकर्मा योजना बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांना रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. प्रशिक्षण मन लावून करा, नुसत्या व्हाउचरसाठी बसू नका. तिथे दुसऱ्याच्या मशीनवर, शिकवणारा शेजारी उभा असताना पहिली फळी चिरायला मिळाली तर ती संधी सोडू नका.

शेवटी, अपघात झालाच तर काय करायचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या जखमेवर घाईत हळद भरली गेली आणि दवाखान्यात ती धुवून काढताना जो त्रास झाला तो बोट कापताना झाला नव्हता. हळद, चहापत्ती, चुना, भुसा काही लावू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला. बोट तुटून पडलं असेल तर ते शोधा. स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की पेशी मरतात आणि मग ते जोडता येत नाही. १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी गाडी काढायला सांगा, स्वतः मोटरसायकल चालवत जाऊ नका.

बोट जोडण्याचं काम प्रत्येक दवाखान्यात होत नाही. त्यासाठी प्लास्टिक सर्जन किंवा हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लागतात. जळगाव किंवा धुळ्यात तुमच्या जवळ हे कुठे होतं, रात्री होतं का आणि नाही तर पुढे नाशिकला कुठे पाठवतात, हे आजच, बोटं शाबूत असताना फोन करून विचारा. ते दोन-तीन नंबर मार्करने शेडच्या भिंतीवर लिहा, घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. माझ्या भिंतीवर ते स्टार्टरच्या बरोबर वर लिहिले आहेत. त्याखाली १०८, आणि त्याखाली शेजाऱ्यांचा नंबर, कारण गाडी त्यांच्याकडे आहे.

पुढच्या भागात चौरंगाचं कॉस्टिंग घेऊ. तोपर्यंत ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी मेन स्विचची चाचणी घेऊन बघा आणि स्टार्टर उघडून त्यात ऑटो आहे का ते तपासा.